मदत हवी आहे: √−२३ च्या फील्डमध्ये क्लास ग्रुप जुळत नाही

भडंग (सांगली)
एम.एस्सी. भाग २. परिमेय संख्यांत √−२३ घालून जे फील्ड होतं, त्याचा क्लास ग्रुप (रिंगच्या आयडियलांचा ग्रुप, ज्यात प्रिन्सिपल म्हणजे एकाच जनकाचे आयडियल १ मानतात) काढायचाय. रिंग घेतली अ+ब√−२३ (अ, ब पूर्णांक). क्ष²+२३ चा डिस्क्रिमिनंट −९२, मिन्कोव्स्की बाउंड (ज्याच्या आतले प्राइम तपासले की पुरे) = (२/π)√९२ ≈ ६.१, म्हणून २, ३, ५ तपासले. ५ इनर्ट (प्राइमच राहतो), ३ स्प्लिट (दोन वेगळ्या प्राइम आयडियलांत फुटतो). मॉड्युलो २ ला क्ष²+२३ = (क्ष+१)², म्हणजे २ रॅमिफाय (एकाच प्राइम आयडियलचा वर्ग), (२) = पी². नॉर्म (घटक गुणिले त्याचा कॉन्जुगेट, म्हणजे √−२३ चं चिन्ह उलटवलेला घटक) २ असलेला घटक नाही, तेव्हा पी ची ऑर्डर २. पण पुस्तकात क्लास नंबर (क्लास ग्रुपमधल्या घटकांची संख्या) ३ आहे! ३ च्या ग्रुपमध्ये ऑर्डर २ चा घटक येईल कुठून?

कृष्णाकाठ
चूक रिंग निवडतानाच झालीय. −२३ = −२४+१, म्हणजे ४ ने भागून बाकी १. अशा वेळी थीटा = (१+√−२३)/२ पण पूर्णांकांच्या रिंगमध्ये येतो, कारण तो क्ष²−क्ष+६ चं मूळ आहे. तुमची रिंग खऱ्या रिंगमध्ये इंडेक्स २ ने बसते (म्हणजे तिचा निम्मा भागच). क्ष²+२३ चे अवयव पाडून आयडियल वाचायची युक्ती इंडेक्सला भागणाऱ्या प्राइमला लागू नाही. नेमका २ तिथेच अडकला. ३ आणि ५ ला ती चालते, म्हणून तिकडे काही खटकलं नाही.

खात्री हवी तर तुमच्याच रिंगमध्ये पी = (२, १+√−२३) चा वर्ग हाताने करा. जनक येतात ४, २+२√−२३ आणि −२२+२√−२३. २ बाहेर काढला की आत पुन्हा पी च उरतो. म्हणजे पी² = २पी; (२) नव्हे. पी इन्व्हर्टिबल (व्यस्त असणारा) असता तर काटाकाट करून पी = (२) आलं असतं, पण पी चा इंडेक्स २ आहे आणि (२) चा ४. असला आयडियल क्लास ग्रुपमध्ये धरायचाच नाही.

आता नव्याने. डिस्क्रिमिनंट −२३, बाउंड ३.०५, फक्त २ आणि ३ बघायचे. दोन्हीकडे क्ष²−क्ष+६ चं क्ष(क्ष−१) होतं, दोघेही स्प्लिट. पी = (२, थीटा), क्यू = (३, थीटा). अ+ब·थीटा चा नॉर्म अ²+अब+६ब². नॉर्म २ हवा तर (२अ+ब)²+२३ब² = ८; ब शून्य, मग ४अ² = ८, जमत नाही. थीटाचा नॉर्म ६, म्हणून (थीटा) = पी·क्यू, क्यू चा क्लास पी च्या व्यस्त. राहिला एकटा पी. १+थीटा चा नॉर्म ८, तेव्हा घन प्रिन्सिपल, ऑर्डर ३.

भडंग
रिंगचं कळलं. पण नॉर्म ८ वरून थेट घन कसा? पी आणि त्याचा कॉन्जुगेट मिसळूनही ८ होतात ना?

कृष्णाकाठ
रास्त शंका. ही ओळ गाळली की पेपरात मार्क जातात. दोन्ही आले तर (२) ने भाग जायला हवा. १+थीटा चे सहगुणक १ आणि १, जात नाही. म्हणून एकाचाच घन. १+थीटा हा (२, १+थीटा) मध्ये आहे, तेव्हा घन कॉन्जुगेटचा. पण कॉन्जुगेशन केलं की पी चा घनही प्रिन्सिपल.

कंदीपेढा (सातारा)
पडताळा गाउसच्या रिड्यूस्ड फॉर्मनी घ्या (त्यांची संख्या म्हणजेच क्लास नंबर), पाच मिनिटांचं काम. (अ,ब,क) म्हणजे अक्ष²+बक्षय+कय². डिस्क्रिमिनंट −२३ ला (१,१,६), (२,१,३), (२,−१,३). तीनच. गंमत म्हणजे −९२ ला, म्हणजे चुकीच्या रिंगलाही तीनच येतात: (१,०,२३), (३,२,८), (३,−२,८). (२,२,१२) आणि (४,±२,६) मोजू नका, त्यांचे सगळे सहगुणक सम. त्यामुळे नुसता आकडा जुळवून बघितला असता तर रिंगची चूक सापडलीच नसती.

त्याच वहीत √−३१ करून टाका. ३ तिथे इनर्ट आहे, फक्त २ उरतो, आणि नॉर्म ८ साठी थीटा स्वतःच पुरतो.