सफरचंदाचे फ्रिटर्स बाहेरून काळपट, आतून कच्चे राहतायत, काय चुकतंय?

सायली_म

नमस्कार मंडळी, तीनदा करून झालं आणि तिन्ही वेळा तोच प्रकार झाला म्हणून शेवटी इथे विचारतेय. मला ते सफरचंदाचे तुकडे घालून तळलेले आणि वरून साखरेचं ग्लेझ असलेले फ्रिटर्स घरी करायचेत. बाहेर खाल्लेले तेव्हा वरून खरपूस, आतून मऊ आणि मधेमधे सफरचंदाचा आंबटगोड तुकडा लागायचा, तेच हवंय मला.

मी केलं ते असं: १ कप मैदा, अर्धा कप साखर, २ टीस्पून बेकिंग पावडर, १ अंडं, अर्धा कप दूध. दोन मोठी सफरचंदं सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, त्यांना आणखी दोन चमचे साखर आणि दालचिनी चोळून अर्धा तास ठेवले म्हणजे चव मुरेल, आणि मग सगळं एकत्र केलं. पहिला घाणा टाकेपर्यंत पीठ बरं होतं पण दुसऱ्या घाण्यापर्यंत इतकं पातळ झालं की चमच्यातून ओघळायला लागलं. तेलात टाकलं की मिनिटभरात गडद चॉकलेटी रंग, काढून मोडून बघितलं तर मधे पांढरा चिकट गोळा आणि सफरचंद करकरीत कच्चं. मग गॅस बारीक केला तर रंग छान आला पण तेल इतकं प्यायले की टिश्यू पेपर पारदर्शक झाला. ग्लेझ पण टिकलं नाही, सगळं ओघळून ताटलीत जमा.

शनिवारी लेकीच्या मैत्रिणी येतायत आणि तिने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय की आई फ्रिटर्स करणारे. प्लीज सांगा नेमकं कुठे गडबड होतेय, साहित्य बदलू की पद्धत?

---

मंदआच

सायली, तुझी पाककृती वाचतानाच उत्तर दिसलं, तुझ्याकडे साखर जास्त आहे आणि पाणी पण जास्त आहे, आणि हे पाणी तू घातलेलं नाहीस, ते सफरचंदातून आलंय. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणीच असतं. चिरलेल्या तुकड्यांना साखर लावून ठेवली की साखर ते पाणी बाहेर खेचते, अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी चांगला रस जमतो, तो तू पिठात ओतलास म्हणून दुसऱ्या घाण्याला पीठ सैल पडलं. मुरवणं या पदार्थाला मानवत नाही. सफरचंद अगदी शेवटी चिरायचं, चिरलं की लगेच पिठात आणि पीठ लगेच तेलात.

दुसरं म्हणजे अर्धा कप साखर. साखर तेलात फार लवकर रंग धरते, म्हणून आतलं शिजायच्या आधीच बाहेरचं करपतं. शिवाय पिठात साखर जास्त झाली की ते तेलही जास्त पितं. पिठात २ टेबलस्पून साखर पुष्कळ झाली, गोडवा सगळा वरून द्यायचा, ग्लेझमधून नाहीतर दालचिनी साखरेतून.

तिसरं, तुकडे मोठे आहेत. फ्रिटर तेलात जेमतेम पाच मिनिटं असतो, तेवढ्या वेळात पेराएवढा तुकडा शिजत नाही. मटारच्या दाण्याएवढे किंवा किंचित मोठे, म्हणजे ५-६ मिलीमीटरचे कर. बघताना वाटेल की एवढे बारीक केले तर सफरचंद जाणवणारच नाही, पण उलट प्रत्येक घासात येतं.

मी वापरते ते प्रमाण देते, कप २४० मिलीचा: मैदा १ कप, बेकिंग पावडर दीड टीस्पून, मीठ पाव टीस्पून, साखर २ टेबलस्पून, दालचिनी अर्धा टीस्पून, अंडं १, दूध १/३ कप, वितळवलेलं बटर १ टेबलस्पून, आणि बारीक चिरलेलं सफरचंद दीड कप, ते शेवटी. कोरडं एकीकडे, ओलं एकीकडे, मग एकत्र करून चमच्याने फक्त आठ-दहा वेळा हलवायचं, थोड्या गुठळ्या राहिल्या तरी राहू देत. फेटत बसलीस तर मैद्याचा चिवटपणा वाढतो आणि फ्रिटर रबरासारखे होतात. पीठ इतकं घट्ट हवं की चमचा वाकडा केला तरी आपोआप पडत नाही, दुसऱ्या चमच्याने ढकलावं लागतं. हे नक्की तपास, बाकी सगळं यावर आहे.

---

अभि_ताक

वरच्या प्रतिसादाशी सहमत पण तेलाबद्दल कोणी बोललं नाही आणि माझ्या मते निम्मी चूक तिथेच आहे. गॅस मोठा की बारीक हे महत्त्वाचं नाही हो, तेल किती तापलंय ते महत्त्वाचं. १७५ ते १८० अंश सेल्सिअस हवं. १६० च्या खाली गेलं की पीठ तेलात नुसतं भिजत राहतं, १९० च्या वर गेलं की बाहेरून करपतं आणि आत कच्चं. तळणीचा थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर लाकडी चमच्याचं टोक तेलात बुडवून बघा, टोकाभोवती बारीक बुडबुडे शांतपणे आणि सतत यायला लागले की तेल तयार, धडाधड उसळले तर जास्त तापलंय. किंवा पिठाचा एक थेंब टाका, तो खाली जाऊन दोनेक सेकंदात वर यायला हवा. तळालाच बसला तर थांबा, बुडलाच नाही आणि लगेच लाल झाला तर गॅस बंद करून दोन मिनिटं जाऊ द्या.

आणि एका वेळी तीन, फार तर चार. गार पीठ पडलं की तेलाचं तापमान लगेच घसरतं, आठ टाकले तर ते परत चढेपर्यंत सगळे तेल पिऊन बसलेले असतात. प्रत्येक घाण्यानंतर थोडं थांबून परत तपासायचं, इथेच घाई होते आपली. तेल निदान दोन इंच खोल हवं.

अजून एक, तेल खरं तर तळताना कमी आणि बाहेर काढल्यावर जास्त आत जातं. तळत असताना आतली वाफ बाहेर येत असते त्यामुळे तेलाला आत शिरायला वाव नसतो, पण बाहेर काढून गार व्हायला लागलं की ती वाफ आटते आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर काढल्या काढल्या कढईवरच चार-पाच सेकंद निथळायचं, झटकायचं, मग लगेच जाळीवर. नुसत्या टिश्यूवर ठेवले तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने ओली होते. जाळीखाली टिश्यू ठेवा.

---

रेवती७७

मी थोडं वेगळं सांगते. मी सफरचंद कच्चं घालतच नाही, आधी चमचाभर बटरवर चार-पाच मिनिटं परतते, पाणी आटू देते, दालचिनी तिथेच घालते, आणि पूर्ण गार झालं की पिठात. चव खूप गडद होते, जरा जॅमकडे झुकते. कच्च्या तुकड्यांचं पाणी सुटण्याचा प्रश्नच उरत नाही.

---

मंदआच

रेवती, चव छान येते हे मान्य, पण माझा अनुभव असा की परतलं की तुकडा तुकडा राहत नाही, लगदा होतो, आणि सायलीला मधेमधे आंबटगोड तुकडा लागायला हवाय. सफरचंद घट्ट आणि आंबट जातीचं असेल, ग्रॅनी स्मिथसारखं हिरवं, तर कच्चंच घालावं, ते तळूनही आकार धरून राहतं. फुजी किंवा गाला पण चालतात, फक्त जास्त गोड असतात म्हणून अर्धा चमचा लिंबाचा रस पिळायचा. रेड डिलिशियससारखं पिठूळ पडणारं मात्र तळायला नको. घरात तसंच मऊ सफरचंद पडून असेल तर तुझी पद्धत बरोबर, तिथे परतूनच घ्यावं. आणि गार होणं खरंच महत्त्वाचं, कोमट असलं तरी पिठातली बेकिंग पावडर आधीच फुलून जाते आणि तेलात पडेपर्यंत दम संपतो. पसरट ताटलीत पसरून ठेवलं की पंधरा मिनिटांत होतं.

---

रेवती७७

हो, लगदा होतो हे खरं आहे, मला तो आवडतो म्हणून चालतं. सायली, तुला तुकडे हवे असतील तर मंदआच म्हणतेय तसंच कर.

---

नीता_ओक

सायली, एक सुचवू का? शनिवारी मुली येणार, वेळ कमी, तर चकत्यांचे फ्रिटर्स कर, त्यात आत कच्चं राहायची भीती जवळजवळ नाही कारण पिठाचा थर पातळ असतो. सफरचंद सोलून आडव्या ६-७ मिलीमीटर जाडीच्या चकत्या कर, मधला बियांचा भाग छोट्या गोल झाकणाने किंवा क्रीम काढायच्या नोझलच्या रुंद बाजूने दाबून काढ, मस्त रिंग तयार होते. मग, हे विसरू नकोस, प्रत्येक चकती दोन्ही बाजूंनी टिश्यूने कोरडी कर आणि कोरड्या मैद्यात हलकी घोळव. ओल्या चकतीवरून पीठ घसरतं, तळताना कवच एकीकडे आणि सफरचंद एकीकडे होतं, माझं असं कितीदा झालंय.

पीठ: पाऊण कप मैदा, पाव कप कॉर्नफ्लोअर, १ टीस्पून बेकिंग पावडर, १ टेबलस्पून साखर, चिमूटभर मीठ, आणि फ्रिजमधला अगदी गार साधा सोडा, बाटलीतला फसफसणारा, साधारण पाऊण कप, पण तो हळूहळू घाल. कॉर्नफ्लोअरमुळे चिवटपणा कमी होतो आणि सोड्याच्या बुडबुड्यांमुळे कवच हलकं होतं. चकती बुडवून उचलली की पिठाचा थर चिकटून राहायला हवा आणि खालून एखादाच थेंब पडायला हवा. दोन्ही बाजूंनी दीड ते दोन मिनिटं. यात अंडं नाही हे पण सोयीचं, मुलींपैकी कोणी खात नसेल तर.

---

सायली_म

अरे वा, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, थँक्यू! नीताताई, रिंगची आयडिया मस्त आहे पण लेकीने तुकडेवाले सांगितलेत त्यामुळे आधी तेच करून बघते. एका मुलीच्या घरी अंडं चालत नाही असं आत्ताच कळलं, तर तुकड्यांच्या पिठात अंड्याऐवजी काय घालू? आणि ग्लेझचं कोणीतरी सांगा ना.

---

मंदआच

अंड्याऐवजी पाव कप घट्ट दही घाल आणि दूध आधी निम्मंच घालून बघ, लागलं तर चमचा चमचा वाढव. दही आंबट असतं म्हणून बेकिंग पावडर सव्वा टीस्पून कर आणि पाव टीस्पूनपेक्षा थोडा कमी खाण्याचा सोडा घाल. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव लागते आणि रंगही लवकर गडद होतो, तेव्हा मोजूनच. कढईत टाकताना साधारण २ टेबलस्पून पीठ टाक आणि चमच्याच्या पाठीने हलकं दाबून पसरव, दीड सेंटीमीटरपेक्षा जाड नको. गोल उंच गोळा टाकला की मधला भाग कच्चा राहणारच.

---

पिठीसाखर

ग्लेझवर मी बोलते, माझा आवडता भाग! तुझं ओघळलं कारण दोनपैकी एक, एकतर ग्लेझ पातळ होतं नाहीतर फ्रिटर फार गरम होते. कढईतून काढल्या काढल्या ग्लेझ ओतलं तर ते वितळून पाण्यासारखं खाली जातं, एकदम गार फ्रिटरवर ओतलं तर वर जाड थर बसतो, आत काहीच जात नाही. पाच-सात मिनिटांनी, हातात धरवतो पण अजून ऊब आहे, तेव्हा बुडवायचं. १ कप चाळलेली पिठीसाखर, दीड टेबलस्पून दूध, दोन थेंब व्हॅनिला, आणि चिमूटभर मीठ घालच, नाहीतर नुसता गोडवा लागतो. चमच्यातून पडताना रिबिनीसारखी धार वाडग्यात दोन-तीन सेकंद दिसत राहायला हवी. फ्रिटरची वरची बाजू बुडवून जाळीवर उलटी करून ठेव, दहा-पंधरा मिनिटांत वर पातळ पापुद्रा धरतो जो दाताखाली तडकतो, आहाहा.

दालचिनी साखर लावायची असेल तर मात्र याच्या उलट, गरम गरम असतानाच घोळवायचे, गार झाले की साखर चिकटत नाही. पाव कप साखरेला १ टीस्पून दालचिनी.

---

अभि_ताक

मुली असणार म्हणून सांगतो, तळताना कढईजवळ कोणी यायला नको आणि कढईचं बसेल असं झाकण हाताशी ठेवा. चुकून तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात टाकायचं नाही, गॅस बंद करून झाकण सरकवून ठेवायचं, आणि कढई हलवायची नाही.

तळून झाल्यावर डब्यात बंद पण करू नका, वाफेने मऊ पडतात. आधी करून ठेवायचे असतील तर ग्लेझ न लावता ठेवा, आयत्या वेळी ओव्हनमध्ये १८० अंशावर पाच-सात मिनिटं गरम करून मग ग्लेझ. मायक्रोवेव्ह नको, चामड्यासारखे होतात.

---

सायली_म

झाले!! आत्ताच मुली गेल्या. दह्याचं पीठ केलं, सफरचंद सोललं पण चिरलं ते तेल तापायला ठेवल्यावर, मटारच्या दाण्याएवढं. पीठ खरंच दुसऱ्या चमच्याने ढकलावं लागत होतं आणि मला सारखं वाटत होतं की हे फार घट्ट झालंय, दूध घालावं का, पण हात आवरला. थर्मामीटर नाही म्हणून लाकडी चमच्याने बघितलं, पहिल्या घाण्याला बुडबुडे जरा जोरात होते तरी टाकले, ते एका बाजूने गडद झाले. दुसऱ्यापासून तीन तीनच टाकले आणि मधे थांबले. एक मोडून बघितला तर आत जाळीदार, तुकडे मऊ पण अख्खे, आणि कडांना ती खरपूस टोकं आली होती जी मला हवी होती. टिश्यूवर तेलाचे फक्त ठिपके.

ग्लेझ थोडं घाईत लावलं त्यामुळे पहिल्या चारांचं ओघळलं, बाकीच्यांवर तो पापुद्रा धरला. एकूण अकरा झाले, एकही उरला नाही, अंडं न खाणाऱ्या मुलीने तीन खाल्ले. लेक म्हणतेय पुढच्या वेळी रिंगवाले कर, तर नीताताई, त्या चकत्या आधी चिरून ठेवल्या तर चालतील का, की त्या पण आयत्या वेळीच?

---

नीता_ओक

किती छान वाटलं वाचून! चकत्या अर्धा तास आधी चालतील, लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून ठेव म्हणजे काळ्या पडणार नाहीत, पण मग टिश्यूने अगदी नीट पुसायच्या, मधल्या भोकाच्या कडा सुद्धा. तिथेच पाणी लपून बसतं आणि तेल उडतं.