कुलनिंग: गुरांना हाक घालणारं स्वीडिश गाणं

रानपाखरू: सुसान रोसेनबर्ग या स्वीडिश लोकगायिकेचं कुलनिंग ऐकलं. इतका उंच, धारदार आवाज कशासाठी लावतात?

उत्तरेकडची: गुरांसाठी! उन्हाळ्यात स्वीडनमधल्या दालार्नासारख्या भागात बायका-मुली गुरं घेऊन रानातल्या ‘फेबूद’वर, म्हणजे उन्हाळी गुराखी-वस्तीवर, राहायच्या. गुरं दिवसभर जंगलात मोकळी चरायची, संध्याकाळी धारेसाठी परत यायला हवीत. कंप नसलेला उंच सूर झाडीतून फार लांब पोचतो. मधेच गायींची नावं, लाडाचे शब्द, की पुन्हा सूर एकदम वर. मी स्वतः गाते, आणि मला यातल्या थांब्यांचं विलक्षण वेड आहे. गायिका थांबते, डोंगराकडून पडसाद येऊ देते, मगच पुढची हाक. बंद सभागृहात हे निम्मं हरवतं, म्हणून मोकळ्यावरचं ध्वनिमुद्रण शोधाच. रोसेनबर्ग यांनी स्टॉकहोमच्या रॉयल संगीत महाविद्यालयात लोकगायन शिकवलंय, त्यामुळे त्यांचं ऐकणं उत्तम सुरुवात आहे.

माळरान: स्वीडन-नॉर्वेची ही उन्हाळी गुराखी परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही आली.

रानपाखरू: ताई, घरी करून पाहू का?

उत्तरेकडची: जरूर, पण घसा आवळू नका. सूर डोक्यात घुमू द्या आणि आधी हळू लावा.