होसोनो यांचा ‘होसोनो हाउस’: आधी १९७३ चा ऐकावा की २०१९ चा?

प्रश्न:
हारुओमी होसोनो या जपानी संगीतकाराचे नाव मला आजवर ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ या बँडच्या सिंथेसायझर संगीतामुळेच परिचित होते. त्यांचा १९७३ सालचा पहिला एकल अल्बम ‘होसोनो हाउस’ मात्र चक्क फोक रॉक (लोकगीतांच्या वळणाचा रॉक) निघाला. याच गाण्यांवर त्यांनी २०१९ मध्ये ‘होचोनो हाउस’ हा अल्बम नव्याने केला आहे. दोहोंपैकी आधी कोणता ऐकावा? शिवाय पहिला अल्बम राहत्या घरात ध्वनिमुद्रित झाल्याचा जो गवगवा होतो, त्याचा ऐकताना खरोखर फरक जाणवतो, की ती नुसतीच रंजक हकीकत आहे?

प्रतिसाद १:
आधी १९७३ चाच ऐकावा, आणि फरक निश्चितच जाणवतो. टोकियोच्या वायव्येला, साइतामा प्रांतातील सायामा येथे अमेरिकी हवाई तळावरील लोकांसाठी बांधलेली घरे सैन्य परतल्यावर रिकामी झाली होती आणि ती भाड्याने घेऊन तेथे चित्रकार, संगीतकार अशी तरुण मंडळी राहू लागली होती. होसोनो यांचे घर त्यांपैकीच एक. स्टुडिओत प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा राखता येतो. घरातल्या खोलीत एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये थोडाफार शिरतोच, आणि मोठ्या दालनाची घुमही मिळत नाही. त्यामुळे या अल्बममधील ड्रम कोरडे, अगदी जवळ वाजल्यासारखे वाटतात. होसोनो यांचा खर्जातला, जराही न ताणलेला आवाज अशा ध्वनीत फार शोभतो. पहिलेच गाणे, एक अंगाईसारखे संथ प्रेमगीत, हेडफोनवर ऐकल्यास मी काय म्हणतो ते लगेच ध्यानात येईल.

प्रतिसाद २:
घराचे श्रेय मान्य करूनही, मला ते जरा जास्तच दिले जाते असे वाटते. वादक कोण होते ते पाहा: गिटारवर शिगेरू सुझुकी, ड्रमवर तात्सुओ हायाशी, कीबोर्डवर मासाताका मात्सुतोया. होसोनोंसह हेच चौघे ‘कॅरमेल मामा’ म्हणून ओळखले गेले आणि त्याच वर्षी गायिका युमी आराई यांच्या पदार्पणाच्या अल्बमला त्यांनीच साथ केली. सुझुकी आणि होसोनो तर १९७२ अखेर विसर्जित झालेल्या ‘हॅपी एंड’ या रॉक बँडमधील जुने सहकारी. रॉक जपानी भाषेत गाता येईल का, असा वाद त्या काळी जपानमध्ये रंगला असताना या गटाने ते प्रत्यक्ष गाऊन दाखवले होते. ‘बारा तो याजू’ या गाण्यातील बास आणि इलेक्ट्रिक पियानो यांची जुगलबंदी ऐकावी. असे वादन कोणत्याही खोलीत उठून दिसले असते. (हे गाणे फोक रॉकच्या चौकटीत बसत नाही, पण अल्बमची खरी मजा अशा चौकट मोडणाऱ्या जागांतच आहे.)

प्रतिसाद ३:
२०१९ च्या अल्बमविषयी कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालतो. होसोनो तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. मूळ अल्बम चार वादकांच्या एकत्र वाजवण्यातून घडला होता, तर नव्यात जवळजवळ सारे काही त्यांनी एकट्याने, संगणकाच्या साहाय्याने केले आहे. गाण्यांचा क्रमही उलटा केला आहे: जुन्या अल्बमचा समारोप करणारी ‘आइआइगासा’ची छोटी धून येथे आरंभी येते. म्हणूनच तो पहिल्यांदा ऐकणाऱ्यासाठी नाही. मूळ चाली कानात बसलेल्या असतील, तरच त्यांनी काय गाळले आणि काय ठेवले हे कळते. जुन्या गाण्यांना नुसती झळाळी देण्यापेक्षा त्यांच्याशी असा वाद घालणे मला अधिक धाडसाचे वाटते, जरी ‘कोई वा मोमोइरो’ मी आजही जुनेच ऐकतो.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. आधी १९७३ चा, तोही हेडफोनवर, आणि चाली पाठ झाल्यावरच २०१९ चा, असे ठरवले आहे. या दोहोंच्या मध्ये त्यांचा १९७५ सालचा ‘ट्रॉपिकल डँडी’ ऐकणे उपयोगी ठरेल का?

प्रतिसाद २:
अवश्य. ‘होसोनो हाउस’मधील ‘फुकु वा उची ओनी वा सोतो’ या गाण्याच्या डुलत्या तालात त्या उष्णकटिबंधी वळणाची चाहूल आधीच लागते. ते गाणे ऐकून लगेच ‘ट्रॉपिकल डँडी’ लावावा.