राक्षस खरा कोण करतं? नट, तंत्र की समोर बसलेले आपण?

रंगपेटी

मी नागपूरला धरमपेठेत मुलांचा नाट्यवर्ग घेते. यंदा राक्षस, चेटकीण आणि बोलणारं झाड असलेलं नाटक बसवतेय. एका पालकांचं म्हणणं पडलं की हे सगळं आता पडद्यावर संगणक हुबेहूब दाखवतो, पुठ्ठ्याची शिंगं लावून मुलांना उभं करण्यात अर्थ नाही. एखादा घरगुती विषय घ्या, त्यात अभिनयाला वाव असतो. मला हे अजिबात पटलेलं नाही.

अद्भुतात अभिनयाचा जितका कस लागतो, तितका दुसरीकडे कुठेच लागत नाही. घरगुती नाटकात नटाच्या हाताशी चहाचा कप असतो, दार असतं, खुर्ची असते. निम्मं खरेपण त्या वस्तूच पुरवतात. राक्षसाला काय असतं? त्याची भूक, त्याचं वजन, त्याचा जुना राग, सगळं नटाला स्वतःच्या अंगातून काढावं लागतं.

१९५७ च्या तेलुगू 'मायाबाजार'मध्ये घटोत्कच शशिरेखेचं, म्हणजे बलरामाच्या मुलीचं, रूप घेतो. म्हणजे ती भूमिका करणाऱ्या सावित्री या नटीला तरुणीच्या देहात शिरलेला राक्षस उभा करायचा होता. कॅमेऱ्याची करामत रूप पालटण्यापुरती. पुढचा सगळा भार तिच्या मानेवर, चालीवर, नजरेवर. एकाच गाण्यात ती लाजऱ्या मुलीतून रांगड्या राक्षसात आणि परत अशी ये-जा करते, आणि प्रत्येक वेळी आपल्याला कळतं की आत्ता समोर कोण आहे. 'तुंबाड'मधली (२०१८) ती भयंकर आजी मोहम्मद समद या मुलाने केली. नायकाचा मुलगाही तोच आहे. कातडी रंगभूषेने दिली, पण त्या आजीची भूक त्या पोराची.

आणि फाळके! १९१९ च्या 'कालिया मर्दन'च्या आरंभी ते आपल्या छोट्या मंदाकिनीचा नुसता चेहरा दाखवतात, एकामागून एक भाव पालटणारा. मग तीच कृष्ण होते. ही एक मुलगी आहे, हिचा अभिनय पाहा, हे आधीच सांगून टाकलं. तरी पुढे डोहात उडी घेतो तो कृष्णच. खोटेपणा लपवला म्हणून जादू होत नाही. नटाने ते जग मनापासून मानलं की होते.

चौकटीमागे

ताई, तुमच्या त्या पालकांशी मी सहमत नाही, पण तुमच्याशीही नाही. मी नागपूरचीच, व्हीएफएक्समध्ये, म्हणजे चित्रपटातली संगणकी दृश्यं करण्याचं, काम करते. फाळक्यांचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. फाळके स्वतः हातचलाखीचे प्रयोग करायचे, 'प्रोफेसर केळफा' या नावाने. नाव उलटं वाचा. ट्रिक फोटोग्राफी हा त्यांच्या चित्रपटांचा प्राण होता. मंदाकिनी गोड आहेच, पण पाण्याखालची ती झुंज कॅमेऱ्याने घडवली.

दुसरं, संगणक राक्षस 'करत' नाही, माणसं करतात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रपटांमधला गॉलम हा विचित्र प्राणी घ्या. अँडी सर्किस या नटाने सेटवर तो जीव तोडून केला. पण त्याचे पडद्यावरचे चेहऱ्याचे भाव अ‍ॅनिमेटर लोकांनी सर्किसचं काम समोर ठेवून हाताने, चौकटीमागून चौकट घडवले. आम्ही टेबलावर आरसा ठेवतो, त्यात तोंडं करून बघतो. पाय जमिनीला टेकला की मांस किती उशिरा थरथरेल, सावली तळव्याला कुठे चिकटेल, यावर दिवस जातात. त्यात एक चूक झाली तर तुमच्या नटाने कितीही मनापासून मानलेलं असो, प्रेक्षक हसतो.

महालवाला

बाप्पा, तुमी नट अन् मशीन यातच अडकून रायल्या. मारबत पाह्यली का? आपल्या नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी अन् पिवळी मारबत निघते. बांबू, कागद, रंग. तिले ना डोळा हलवता येत, ना बोलता येत. नट नाही, ग्राफिक्स तर नाहीच. पण "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गलका झाला का अंगावर काटा येते. शंभराच्या वर वर्षं झाली, गर्दी कमी नाही झाली. आपण कागदाच्या बाईवर ओरडून रायलो हे तिथल्या बारक्या पोरालेही ठाऊक असते. मंग तिले जिती कोणं केलं? लोकायनं. तुमचा राक्षस समोर बसलेला माणूस करते, ताई.

जुनी पोथी

महालवाले भाऊंचं म्हणणं पूर्ण मान्य नाही, पण त्यांनी मोठ्या वादाला हात घातलाय. काश्मीरचा शंकुक हा रसशास्त्राचा आचार्य. त्याचं मत अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या 'अभिनवभारती' या टीकेत नोंदवलंय. चित्रातला घोडा पाहताना आपण 'हा खरा घोडा' असं म्हणत नाही, 'खोटा' म्हणत नाही, 'घोडा आहे की नाही' या संशयात नसतो, आणि 'घोड्यासारखं काहीतरी' असंही मनात येत नाही. रामाची भूमिका करणाऱ्या नटाकडे आपण असंच पाहतो. हे पाहणं प्रेक्षकाचं, खरं. पण चित्र नीट काढलेलं नसेल तर ते सुरूच होत नाही. शंकुकाच्या मते नट हे शिक्षण आणि अभ्यासाने साधतो. 'मनापासून मानणं' त्यात बसवायला मला तरी अवघड जातं.

वडसेकर

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा. दिवाळीनंतर धान निघालं की आमच्याकडे रात्र रात्र नाटकं चालतात. रंगपेटी ताईंच्या शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. नटाने जर खरंच मानलं, तर तलवार समोरच्याच्या मानेवर बसेल. राक्षस करणाऱ्याला त्याच क्षणी पेटी कुठल्या सुरात आहे, माइक किती लांब आहे, सोबतचा नट वाक्य विसरला तर काय जोडायचं, हे सगळं सांभाळायचं असतं. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली. ते उभे राहिले, नायिका भामिनी केली. त्यांच्या मनात त्या वेळी काय होतं याची कल्पना करवत नाही, पण ती भामिनी नव्हती एवढं नक्की. लोकांना मात्र भामिनीच दिसली. नटाच्या मनात काय चाललंय याच्याशी प्रेक्षकाचा संबंध नाही. त्याला काम चोख दिसलं पाहिजे.

रंगपेटी

वडसेकर भाऊ, मानणं म्हणजे भान सुटणं, असं मी म्हटलेलं नाही. स्तानिस्लाव्स्की या रशियन नाट्यशिक्षकाने नटाला 'मी राक्षस आहे' असं समजायला सांगितलं नाही, 'जर मी असतो तर' एवढंच विचारायला सांगितलं. वर्गात मी मुलांना रिकाम्या हातांनी गदा उचलायला लावते. 'राक्षसासारखा चेहरा कर' म्हटलं की सगळी पोरं सारखेच दात दाखवतात. 'गदा किती जड आहे? कुठल्या खांद्याला रग लागली?' असं विचारलं की प्रत्येकाचा राक्षस वेगळा होतो. गदा नाही हे त्या पोराला पक्कं माहीत असतं, आणि खांदा तरी खाली जातो. मी मानणं म्हणते ते याला. आणि ती सभोवतालची गर्दीसुद्धा, महालवाले भाऊ, ओरडताना हेच करत असते. मारबतीच्या दिवशी नट रस्त्यावर असतात, एवढाच फरक.

चौकटीमागे, तुम्ही आरशात तोंडं करून बघता ना? मग तुम्हीही नटच आहात, माझा मुद्दा कुठे मोडत नाही. खेळ मोडतो तो नटाला एकटं पाडल्यावर. 'हॉबिट' या चित्रपटाच्या वेळी गँडाल्फ जादूगार करणाऱ्या इयन मॅकेलनला, मागून संगणकाने दृश्य भरतात त्या हिरव्या पडद्यापुढे, समोर बुटक्यांचे नुसते फोटो, असं काम करावं लागलं आणि त्या मुरलेल्या नटाला रडू कोसळलं. समोर दुसऱ्याचे डोळे नसतील तर 'जर' कुणाला विचारायचं?

चौकटीमागे

ते उदाहरण आमच्या विरोधात सगळेच देतात, म्हणून मागचं कारण सांगते. अडचण उंचीची होती. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये गाडीवर शेजारी बसलेले उंच गँडाल्फ आणि छोटा फ्रोडो प्रत्यक्षात शेजारी नव्हतेच. एक जण मागे बसवलेला, कॅमेऱ्याच्या कोनामुळे तो छोटा दिसतो. 'हॉबिट' थ्रीडीत काढला, थ्रीडीत ती मागे-पुढे बसवण्याची युक्ती उघडी पडते, म्हणून मॅकेलन आणि बुटके करणाऱ्या नटांना वेगवेगळ्या सेटवर नेलं. आता हे लक्षात घ्या: जुन्या पद्धतीतही गाडीवरचे दोघे एकमेकांकडे बघत नव्हते. मॅकेलन गाडीवर हवेतल्या एका जागेकडे बघून हसत होता आणि आपण सगळे ते हसू खरं मानत आलो. म्हणून म्हणते, डोळ्याला डोळा भिडल्याशिवाय खरेपण येत नाही हे मला मान्य नाही. तुमच्या वर्गातल्या मुलांना गदेबरोबर हेही शिकवा, रिकाम्या जागेत माणूस बघायला. उद्या यातली काही पोरं आमच्याच हिरव्या पडद्यापुढे उभी राहणार आहेत.