हॅलोवीन ‘हिरवा’ करायचा तर आधी भोपळ्याचं बघा

पानगळ
दुकानांत आता ‘इको-फ्रेंडली हॅलोवीन’चा वेगळा कोपरा असतो. बांबूची बादली, सोयाची मेणबत्ती, रिसायकल केलेल्या पॉलिएस्टरची झूल. माझ्या मते यातलं काहीही घ्यायची गरज नाही. दारातल्या भोपळ्याचं पुढे काय होतं एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं.

आम्ही इलिनॉयमध्ये राहतो, म्हणजे भोपळ्याच्या माहेरी. अमेरिकेतल्या डबाबंद भोपळ्याचं बहुतेक पीक याच राज्यात निघतं. मॉर्टन हे गाव तर स्वतःला भोपळ्याची जागतिक राजधानी म्हणवून घेतं. पण डब्यात जातो त्या भोपळ्याची जात वेगळी. पायरीवर ठेवायला आणतो ते खास कोरण्यासाठी लावलेले असतात. दिसायला गोल, नारिंगी, देठ मजबूत. आत गर पाणचट आणि दोरेदार. महिनाभर मिरवायचे आणि नोव्हेंबर लागला की काळ्या पिशवीतून लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागी. तिथे दाबून बसवलेल्या कचऱ्यात हवा पोचत नाही, त्यामुळे कुजताना मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू निघतो. याच राज्यात झाडांची पानं लँडफिलमध्ये टाकायला १९९० पासून बंदी आहे. पानं कागदी पिशवीत वेगळी भरायला कुणी कुरकुरत नाही, भोपळा मात्र खुशाल कचऱ्यात!

शिकागोच्या पश्चिमेला डुपेज काउंटीत स्कार्स नावाची संस्था २०१४ पासून यावर काम करते. हॅलोवीननंतरच्या शनिवारी लोक भोपळे आणून देतात, पोरं ते मनसोक्त आपटून फोडतात आणि सगळा माल कंपोस्टला जातो. आता राज्यात ठिकठिकाणी असे कार्यक्रम होतात. भोपळा असा मार्गी लावा, पोशाख एकमेकांचे वापरा, आणि बाकी सण आहे तसा राहू द्या, असं माझं मत. तुमचं?

तिरकस
हिशेब करू या. पाच किलोचा भोपळा लँडफिलमध्ये गेला तर, मिथेन धरून, कार्बन डायऑक्साइडच्या मापात फार तर चार-पाच किलोंचा भार पडतो. साधी पेट्रोलची गाडी मैलाला सुमारे ४०० ग्रॅम सोडते. म्हणजे पाच मैलांवर भोपळा फोडायला जाऊन परत आलात की फिट्टंफाट. त्याहून लांब गेलात तर तो कचऱ्यात टाकलेलाच बरा होता. पोरांना मजा येते हे मान्य, पण मग त्याला मजाच म्हणा की.

आणि शिकागो-मुंबई जाऊन-येऊन विमानप्रवासात माणशी दोन टनांहून जास्त कार्बन जातो. दर डिसेंबरात घरी जाणाऱ्यांनी भोपळ्यावर प्रवचन द्यावं, कमाल आहे.

पानगळ
@तिरकस, एका भोपळ्यासाठी गाडी काढा असं कुणी सांगितलं? आमच्या गल्लीत एक शेजारी पिकअप घेऊन सगळ्यांचे भोपळे नेतो. ज्यांना तेही नको त्यांनी घरामागेच टाकावा. बिया काढायच्या (नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात अंगणभर वेल), फावड्याने तुकडे करायचे, वर गळलेली पानं पसरायची. कंपोस्टला ओलं आणि सुकं दोन्ही लागतं, आणि इथे दोन्ही एकाच आठवड्यात फुकट मिळतं.

विमानाचं म्हणाल तर आईवडील तिकडे आहेत, मी जाणारच. भोपळ्याने त्याची भरपाई होते असं मी म्हटलेलं नाही.

खाडीवाला
हे घराघरावर सोपवलं की दहातली दोन घरं करणार. आमच्याकडे कॅलिफोर्नियात २०२२ पासून ओला कचरा वेगळा गोळा करणं कायद्यानेच आलं. भोपळा ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो, विषय संपला. न्यूयॉर्क शहरातही २०२४ च्या ऑक्टोबरपासून सगळीकडे ओला कचरा वेगळा उचलतात. भोपळे फोडायचे कार्यक्रम करण्यापेक्षा तुमच्या गावच्या सभेत जाऊन भांडा.

सावली
सगळे भोपळ्यालाच धरून बसलेत. तो निदान कुजतो तरी! पोशाखांचं काय? २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फेअरीलँड ट्रस्ट आणि हबब या संस्थांनी दुकानांतले ३२४ हॅलोवीन पोशाख तपासले, तर त्यातलं ८३ टक्के साहित्य प्लॅस्टिकजन्य निघालं. एका संध्याकाळी घालायचा, शिवण तिथेच उसवते, मोठ्या भावाचा धाकट्याला द्यावा म्हटलं तर उरतच नाही. अदलाबदल करा म्हणणं सोपं आहे. तीन वर्षं टिकेल असा एक तरी पोशाख दुकानात दाखवा.

आबा_सातारकर
अहो, विकत घेताच कशाला? घराघरात झब्बे आहेत, फेटे आहेत, मुलींची परकर-पोलकी आहेत. गॅदरिंगला तुम्ही काय घालत होता? मावळा करा, झाशीची राणी करा. पैसाही नाही, प्लॅस्टिकही नाही, आणि पोरांना आपला इतिहास कळेल. माझ्या लेकाला मी फोनवर दरवर्षी हेच सांगतो.

मोगरा_जर्सी
आबा, तुमचा मुद्दा कळतो, पण मला तो पटत नाही. माझा मुलगा वर्गात एरवीही वेगळाच दिसतो. डबा वेगळा, नाव कुणाला धड घेता येत नाही. झब्बा तो दिवाळीत हौसेने घालतो, कारण तो त्याचा कपडा आहे. तोच ‘पोशाख’ म्हणून घालून दारोदार फिरायचं आणि प्रत्येक दारात ‘तू कोण झालायस?’ याचं उत्तर द्यायचं, हे मला पटत नाही. त्या एका संध्याकाळी त्याला चारचौघांसारखा स्पायडरमॅन होऊ दे. फक्त तो स्पायडरमॅन मी ‘बाय नथिंग’च्या गटातून घेते. शेजाऱ्यापाजाऱ्यांत वस्तू फुकट द्यायच्या-घ्यायच्या, असा तो गट. ऑक्टोबरात तिथे पोशाखांचा पूर येतो. गुडघ्यावर ठिगळ असलं तरी अंधारात कोण बघतंय?

आबा_सातारकर
बरं. पण ठिगळ तरी हाताने लावता ना? चाललं मग.

सावली
@मोगरा_जर्सी, गटात पूर येतो कारण लोकांनी आधी भरमसाट घेतलेलं असतं. २०२३ मध्ये अमेरिकेत हॅलोवीनवर १२.२ अब्ज डॉलर खर्च होतील असा तिथल्या किरकोळ व्यापारी संघटनेचा अंदाज होता. आपण त्या पुराच्या काठावर बसून भांडी भरतोय.

मोगरा_जर्सी
भरतोय. मग काय, वाहून जाऊ द्यायचं?

धुकं
आमच्या शाळेच्या पालकगटात गेल्या वर्षी ठराव आला: गोळ्या-चॉकलेटांच्या वेष्टनांचा कचरा होतो, खेळणीही प्लॅस्टिकची, म्हणून फक्त कागदात बांधलेला घरचा खाऊ द्यायचा. माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. घरच्या खाऊवर घटकांची यादी नसते, म्हणजे तिच्या पिशवीतलं सगळं फेकायचं. आमच्यासारख्यांसाठी २०१४ पासून देशभर एक पद्धत चालू आहे. दारात मोरपंखी रंगाचा भोपळा दिसला की तिथे खाण्याव्यतिरिक्त काहीतरी मिळतं. बऱ्याचदा ते प्लॅस्टिकचं फुटकळ खेळणंच असतं, ठाऊक आहे मला. पण तेवढ्या दारांसाठी ती वर्षभर थांबते. हिरव्या हॅलोवीनच्या नादात ती दारं बंद करू नका. पेन्सिली ठेवा, स्टिकर ठेवा, आणि भोपळा रंगवलेला असला तर तो कंपोस्टला चालत नाही म्हणून ओरडूही नका.

पानगळ
@धुकं, मोरपंखी भोपळा लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचाही चालतो. आमच्याकडे पुठ्ठ्याचाच आहे, दरवर्षी तोच. पेन्सिलींना एकदम पाठिंबा. घरच्या खाऊचा ठराव मात्र माझ्या डोक्यातही नव्हता. अनोळखी घरचा उघडा खाऊ इथे कुणीच घेत नाही.

तिरकस
वेष्टनांवर कुणाकडेच उत्तर नाही, हे लक्षात घ्या. प्लॅस्टिकला ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटवलेला असतो, नेहमीच्या रिसायकलिंगमध्ये तो सुटा होत नाही. तरी एक सांगतो, हा सण मुळात पायी फिरायचा आहे. गल्लीतल्या गल्लीत, जुना उशीचा अभ्रा हातात घेऊन. आता लोक मोठ्या चॉकलेटांच्या आशेने श्रीमंत वस्तीत गाडीने जातात, नाहीतर पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून तिथेच खाऊ वाटतात. ते थांबवा, मग माझ्याशी भोपळ्याबद्दल बोला.

खाडीवाला
तिरकसरावांशी सहमत व्हावं लागतंय. तारीख लिहून ठेवा.

अन्नपूर्णा
एवढ्या चर्चेत भोपळा खायचं कुणीच बोललं नाही! कोरून बाहेर ठेवलेला खाऊ नका, त्यात बुरशी धरते, शिवाय टिकावा म्हणून बरेच जण आतून ब्लीच लावतात. ब्लीच लावलेला खारी-हरणांसाठीही टाकू नका. पण कोरायलाच हवा असं थोडंच आहे? ‘पाय पम्पकिन’ म्हणून छोटे, गोडसर मिळतात. ते अख्खेच पायरीवर मांडा, मेणबत्तीचा दिवा शेजारी ठेवा. थंडी कडाक्याची पडायच्या आत घरात घ्या. मग घारगे, भरीत, सांबार. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. तेव्हा संध्याकाळी दाराशी पणत्या आणि भोपळे एकत्रच होते, आणि पाडव्याला त्याच भोपळ्यांचे घारगे झाले.

सावली
घारग्यांचं प्रमाण द्या ना. आणि तो भोपळा पाणी फार सोडतो का?

अन्नपूर्णा
लाल भोपळ्याइतकंच. किसून गुळाबरोबर आधी शिजवून आटवून घ्या, मग मावेल तेवढी कणीक आणि मोहन. पाणी अजिबात घालू नका. बिया धुऊन वाळवा, मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजा.

तिरकस
ओव्हन किती वेळ लावायचा? हिशेब ठेवायचाय.