जामीन कोण, सुटला कोण, चमकला कोण

दादरकर :
एखाद्या नटाचं पोलीस प्रकरण निघालं की मराठी वाहिन्यांवर आठवडाभर ठरावीक शब्दांचा मारा चालू असतो. ताब्यात, अटक, कोठडी, जामीन, क्लीन चिट. सकाळी ‘चौकशीला बोलावलं’ असतं, त्याची दुपारपर्यंत ‘अटकेची टांगती तलवार’ होते आणि संध्याकाळी बंगल्याच्या फाटकाबाहेर कॅमेऱ्यांची रांग. तर दोन शंका आहेत. ‘आर्यन खानला जुही चावला जामीन राहिली’ असं मी म्हणालो, तेव्हा पुतणी म्हणते, काका, जामीन तर कोर्ट देतं, बाई कशी जामीन असेल? माझं वाक्य बरोबर आहे ना? दुसरी शंका : निव्वळ नाव गाजावं म्हणून कोर्टाची पायरी चढणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं? ‘पब्लिसिटी स्टंट’ ऐकून कान किटले.

किल्लाकोर्ट :
दादरकर, वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. उलट जामीन हा आधी माणूसच. मूळ अरबी ‘ज़ामिन’, म्हणजे हमी घेणारा; फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. हिंदी-उर्दूत हमी घेणारा ज़ामिन आणि हमी ती ज़मानत, असे दोन शब्द वेगळे राहिले. मराठीने दोन्ही कामं एकाच शब्दावर लादली. म्हणून ‘मी त्याला जामीन राहतो’ यातला जामीन म्हणजे मी, आणि ‘त्याला जामीन मिळाला’ यातला जामीन म्हणजे कोर्टाचा आदेश. पतपेढीतून कर्ज काढताना दोन जामीन शोधत फिरलेल्या कुणालाही पहिला अर्थ शिकवावा लागत नाही. पुढे घोटाळा नको म्हणून ‘जामीनदार’ रूढ झाला. खरं तर गरज नव्हती, पण आता तो कोर्टाच्या कागदावर पक्का बसलाय.

तुम्ही काढलेलं उदाहरण तर यासाठी नामी आहे. २८ ऑक्टोबर २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने आर्यन खानला जामीन मंजूर केला. एक लाखाचा जातमुचलका आणि सोबत जामीनदार, अशी अट होती. २९ तारखेला जुही चावला सत्र न्यायालयात येऊन जामीन राहिली. पण सुटकेचा आदेश आर्थर रोड तुरुंगाच्या जामीनपेटीत त्या संध्याकाळच्या वेळेआधी पडला नाही, म्हणून पोरगा बाहेर आला ३० च्या सकाळी. जामीन मंजूर झाला एका दिवशी, जामीन उभा राहिला दुसऱ्या दिवशी, सुटका तिसऱ्या दिवशी. मथळेवाल्यांनी मात्र २८ लाच ‘सुटका’ करून टाकली आणि मन्नतबाहेर फटाके वाजले.

आणि जातमुचलका. या शब्दावर माझा फार जीव आहे. यातली ‘जात’ म्हणजे आपली जातपात नव्हे. ती अरबी ‘ज़ात’, म्हणजे स्वतः. ‘साहेबांनी जातीने लक्ष घातलं’, ‘जातीने हजर राहा’ म्हणतो, तीच ही. मुचलका तुर्की, म्हणजे लेखी हमीपत्र. स्वतःच स्वतःसाठी लिहून दिलेली हमी ती जातमुचलका. एका नव्या वार्ताहराने मला एकदा गंभीरपणे विचारलं होतं की यात जातीचा दाखला जोडावा लागतो का.

माहीमची :
वकीलसाहेब, तुम्ही ‘सुटका’ म्हणालात म्हणून विचारते. मला सगळ्यात जास्त खटकतो तो ‘सुटला’. मराठीत जामिनावर बाहेर आलेला सुटला, निर्दोष ठरलेला सुटला आणि शिक्षा भोगून आलेलाही सुटला. संजय दत्तचंच बघा. २००६ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला टाडाच्या, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या, आरोपांतून मुक्त केलं, पण शस्त्र कायद्याखाली दोषी धरलं. एकाच खटल्यात निर्दोषही आणि दोषीही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा सहावरून पाच वर्षांवर आणली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो येरवड्यातून बाहेर पडला. तेव्हा आमच्या शेजारणीने मला सांगितलं, ‘सुटला गं बाई शेवटी.’ म्हणजे केसमधून सुटला, असा तिचा ठाम समज. अहो, तो शिक्षा पुरी करून आला होता!

सलमान खानच्या बाबतीत उलटं. २००२ मध्ये वांद्र्याला अमेरिकन एक्स्प्रेस बेकरीपाशी गाडी चढली, एकाचा जीव गेला. ६ मे २०१५ ला सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली, त्याच दिवशी तात्पुरता जामीन मिळाला. १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं. मे महिन्यातही ‘सुटला’ आणि डिसेंबरातही ‘सुटला’. ऐकणाऱ्याने काय समजायचं?

किल्लाकोर्ट :
माहीमच्या ताई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. खटला चालून पुराव्याअभावी किंवा पुराव्यानिशी सोडलं तर ‘निर्दोष मुक्तता’. आरोपपत्र आलंय, पण खटला उभा राहण्याइतकंही त्यात काही नाही म्हणून सोडलं, तर बातम्यांत ‘आरोपमुक्त’ लिहितात. तो शब्द चांगला आहे, वापरावा. आणि आर्यन खान या दोन्हींत बसत नाही. मे २०२२ मध्ये एनसीबीने, म्हणजे अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेने, आरोपपत्रच त्याच्या नावाशिवाय दाखल केलं, पुरेसा पुरावा नाही म्हणून. खटलाच नाही तर निर्दोष मुक्तता कुठली? त्याला सरळ ‘आरोपपत्रातून नाव वगळलं’ म्हणावं.

‘क्लीन चिट’ हा तर कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात नसलेला शब्द. कोर्ट चिट देत नाही, निकाल देतं. तपास यंत्रणा अहवाल देते. चिट देतात ते फक्त चॅनलवाले, आणि तीही काल ज्याला गुन्हेगार ठरवलं त्यालाच.

जाता जाता : ‘न्यायालयीन कोठडी’ कोर्टात नसते, तुरुंगात असते. पोलीस कोठडी म्हणजे चौकशीसाठी यंत्रणेच्या ताब्यात, न्यायालयीन म्हणजे तुरुंगात रवानगी. तिथे खटला संपेपर्यंत असतो तो ‘कच्चा कैदी’, शिक्षा झाली की ‘पक्का’. हे तुरुंगातलेच शब्द आहेत. रिया चक्रवर्ती २०२० मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात जवळपास महिनाभर कच्ची कैदी होती. बाहेर मात्र तोवर तिचा निकाल लावून झाला होता.

गिरगाव_चौपाटी :
दादरकरांची दुसरी शंका कुणीच घेतली नाही म्हणून मी घेतो. मराठीत ‘चमकोगिरी’ आहे, करणारा ‘चमकेश’. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फलकावर सतरा चेहरे असतात ना, ते सगळे चमकेश. थोडं सभ्य हवं असेल तर ‘प्रसिद्धीलोलुप’. ‘प्रसिद्धीचा सोस’, ‘हव्यास’ हेही आहेत. स्टंटची खरंच गरज नाही.

पण हे शब्द जपून वापरावेत. पुन्हा जुही चावलाच घ्या, योगायोगाने. जून २०२१ मध्ये तिचा ५जी विरोधातला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला, तो प्रसिद्धीसाठी केल्याचं दिसतं असं म्हटलं आणि वीस लाखांचा दंड ठोठावला. ऑनलाइन सुनावणीची लिंक तिने जाहीर केली होती आणि कुणीतरी मध्येच घुसून तिच्या सिनेमातली गाणी म्हटली होती. सगळ्या महाराष्ट्राने तिला चमकेश ठरवलं. जानेवारी २०२२ मध्ये खंडपीठाने दंड दोन लाखांवर आणला आणि तिच्याविषयीची ती शेरेबाजीही काढून टाकली. पहिली बातमी पहिल्या पानावर होती. दुसरी तुमच्यापैकी किती जणांनी वाचली?

उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये पूनम पांडेच्या मृत्यूची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच ‘मी जिवंत आहे’ सांगत व्हिडिओत आली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी जागृती व्हावी म्हणून केलं, असं तिचं म्हणणं. याला चमकोगिरी म्हणणं म्हणजे फारच सौम्य. मराठीत ‘बनाव’ असा नेमका शब्द असताना वर्तमानपत्रं ‘स्टंट’ का लिहीत बसली, देव जाणे. स्टंट करणारा जीव धोक्यात घालतो, बनाव रचणारा लोकांना फसवतो.

दादरकर :
वा, ‘बनाव’ मस्त! पुतणीला सगळं वाचून दाखवलं. आता तिचीच एक शंका. जॅकी श्रॉफने कोर्टातून ‘भिडू’ शब्द स्वतःच्या नावावर करून घेतला म्हणे. मग आम्ही गल्लीत क्रिकेटला भिडू पाडायचे की नाही?

किल्लाकोर्ट :
खुशाल पाडा. त्याने दावा केला तो नाव, ‘जग्गू दादा’, ‘भिडू’, आवाज, छबी या सगळ्यासाठी आणि मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. पण तो आदेश त्याची ओळख वापरून धंदा करणाऱ्यांविरुद्ध आहे. त्याचं चित्र छापून खाली ‘भिडू’ लिहिलेले टी-शर्ट विकाल तर अडचणीत याल. खेळातला गडी म्हणून भिडू शब्द त्याच्या जन्माआधीपासून मराठीत आहे, तो कुणाच्या नावावर होत नाही. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगला मुंबई उच्च न्यायालयाने असंच संरक्षण दिलं, एआयने त्याचा आवाज उचलणाऱ्यांविरुद्ध.

आणि बातमीत ‘दावा ठोकला’ वाचलंत तर एक बघा. जॅकी श्रॉफचा होता तो दावा, म्हणजे दिवाणी. जावेद अख्तर यांनी कंगना राणावतविरुद्ध २०२० मध्ये अंधेरीच्या कोर्टात केली ती अब्रुनुकसानीची फौजदारी तक्रार. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये तडजोडीने मिटली. तीही सगळीकडे ‘दावा’ म्हणूनच छापून आली होती.

माहीमची :
आमच्या शेजारणीला ‘तडजोड’ म्हणजेही ‘सुटली’च वाटलं होतं.