अनुभव धागा : जॉर्डन–इस्राएल–इजिप्त गटसहल, कार्यक्रमपत्रिका हातात आल्यावर काय तपासायचं?

जॉर्डन, इस्राएल-पॅलेस्टाइन आणि इजिप्त अशी गटसहल मुंबई, पुणे, वसई, गोव्याहून बरीच वर्षं निघते. कुणी तीर्थयात्रा म्हणून जातं, कुणी पेट्रा आणि पिरॅमिडसाठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध सुरू झालं, त्यानंतर अनेक सहली जॉर्डन-इजिप्तपुरत्याच उरल्या आणि मधला टप्पा परिस्थिती बघून जोडला जाऊ लागला. त्यामुळे आता जाणाऱ्यांनी आधीपेक्षा जास्त चौकशी करायला हवी. या धाग्यावर प्रवासवर्णन नको. जे गट नेतात, तिथे राहतात किंवा या स्थळांचा अभ्यास करतात त्यांनी उपयोगी पडेल तेवढंच लिहावं, पण नेमकं लिहावं.

सीमापार (गटाबरोबर जाणारे टूर मॅनेजर)

पत्रिकेवर 'दिवस चौथा, दिवस पाचवा' असं छापलेलं असतं. आधी प्रत्येक दिवसापुढे पेनाने वार लिहा. या भागात शुक्रवार मुसलमानांचा, शनिवार ज्यूंचा, रविवार ख्रिस्ती लोकांचा, आणि तिन्हींचा परिणाम तुमच्या बसवर होतो. सीनायचं सेंट कॅथरीन मठ शुक्रवारी आणि रविवारी पर्यटकांना बंद असतं आणि उरलेल्या दिवशीही सकाळचे जेमतेम दोन-तीन तास उघडं. जेरुसलेममध्ये हरम अल-शरीफच्या, म्हणजे अल-अक्सा मशिदीच्या आवारात बिगरमुसलमानांना शुक्रवार-शनिवारी प्रवेश नाही. इतर दिवशी फक्त मुघराबी दरवाजाने आणि ठरलेल्या तासांतच. याद वाशेम हे ज्यू नरसंहाराचं स्मारक शनिवारी बंद. नासरेथच्या मोठ्या चर्चमध्ये रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा गट घेऊन फिरता येत नाही. शनिवारी बेथलेहेम ठेवावं, कारण तिथे शब्बाथचा (ज्यूंच्या विश्रांतिवाराचा) अडथळा नाही. कंपनी विमानाच्या स्वस्त तारखेवरून सहल बेतते आणि मग ही ठिकाणं 'बाहेरून दर्शन' होतात. पैसे भरण्याआधी हे विचारलंत तर क्रम बदलून मिळतो, नंतर मिळत नाही.

आता सीमा. अम्मानहून जेरुसलेमला जायचा पूल जॉर्डनच्या बाजूने किंग हुसेन ब्रिज, इस्राएलच्या बाजूने अॅलनबी. तुमची बस पूल ओलांडत नाही. जॉर्डनचा गाईड अलीकडे थांबतो, पुलावरच्या बसने पलीकडे जायचं आणि तिथे नवी बस, नवा गाईड. तिकीट माणशी, शिवाय प्रत्येक बॅगेचे वेगळे पैसे. जॉर्डन सोडताना कर असतो. इस्राएलमधून याच पुलाने परतायचं झालं तर तिकडचा कर बराच जास्त बसतो. हे सगळं सहलीच्या रकमेत धरलंय का ते लेखी घ्या.

पुलाच्या वेळा अचानक बदलतात. शुक्रवार-शनिवारी तो लवकर बंद होतो, म्हणून त्या दिवशी पत्रिकेत पूल असेल तर पहाटे निघणं आलंच. ऑन अरायव्हल जॉर्डनचा व्हिसा या पुलावर मिळत नाही. विमानतळावर किंवा उत्तरेच्या शेख हुसेन सीमेवर मिळतो. इस्राएल पासपोर्टवर शिक्का न मारता छोटी चिठ्ठी देतं. ती पासपोर्टच्या पानात ठेवा. हॉटेलात मागतात आणि बेथलेहेमहून परतताना नाक्यावरही लागू शकते. शिक्का नाही म्हणून खूण उरत नाही असं मात्र नाही. एलातहून ताबामार्गे इजिप्तमध्ये शिरलात की ताबाचा इजिप्शियन शिक्काच सांगतो तुम्ही कुठून आलात. इस्राएलला जाऊन आलेल्यांना अडवणाऱ्या कुवेत, लेबनॉन, इराणला नोकरीधंद्यासाठी जाणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा.

विम्याची कागदपत्रं नीट वाचा. बहुतेक प्रवासविम्यांत युद्धामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना निघाली आणि सहल अर्ध्यात वळवावी लागली, तर जादा रात्री आणि नवं तिकीट कोणाच्या खिशातून, हे करारात असायला हवं.

धागाकर्ती

सीमापार, घड्याळाचंही सांगा ना. लोक तिथेच गोंधळतात.

सीमापार

जॉर्डनने २०२२ पासून घड्याळ मागेपुढे करणं सोडलं, ते वर्षभर एकाच वेळेवर. इस्राएल आणि इजिप्त मात्र बदलतात, तेही वेगवेगळ्या तारखांना. हिवाळ्यात जॉर्डन इस्राएलच्या एक तास पुढे असतं. एप्रिलच्या बहुतेक दिवसांत इस्राएल इजिप्तच्या पुढे. मृत समुद्राच्या काठी मोबाईल पलीकडचं नेटवर्क पकडतो आणि वेळ आपोआप बदलतो. पहाटेचा गजर साध्या मनगटी घड्याळावर लावा किंवा फोनची स्वयंचलित वेळ बंद करा.

निर्मळवाट (वसईहून यात्रेकरूंचे गट नेणारे)

फादर बरोबर असतील तर मिस्सासाठी (कॅथलिक उपासनेसाठी) वेदी आधी राखून ठेवावी लागते. पवित्र भूमीतल्या बहुतेक कॅथलिक स्थळांचं आरक्षण फ्रान्सिस्कन संघाच्या जेरुसलेममधल्या कार्यालयाकडून होतं. धर्मगुरूंना आपल्या बिशपांचं किंवा वरिष्ठांचं ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. जेरुसलेममध्ये येशूच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये कॅथलिकांना मिळणाऱ्या वेळा पहाटेच्या आणि आखूड असतात, कारण तिथे सहा पंथ आहेत आणि कोणी कधी कुठे धूप फिरवायचा हेही जुन्या रूढीने ठरलेलं. गायन लांबलं तर पुढचा पंथ दारात उभा असतो. दोन कडव्यांवर थांबावं.

कबरीच्या आत जायला दिवसा दीड-दोन तासांची रांग लागू शकते. दार पहाटे उघडतं तेव्हा गेलात तर पंधरा मिनिटांत होतं. जुन्या शहरात मुक्काम असेल तरच हे जमतं, म्हणून हॉटेल भिंतीपासून चालत किती अंतरावर आहे हे मी सगळ्यात आधी बघतो.

बेथलेहेमच्या चर्चचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. कंबर दुखणाऱ्यांनी हाताने चौकट धरून आधी एक पाय आत टाकावा आणि मग वाकावं. उलट केलं की डोकं दगडावर आपटतं. आत गुहेत उतरायच्या पायऱ्या अर्धवर्तुळाकार आणि गुळगुळीत आहेत. खाली चौदा टोकांचा चांदीचा तारा. रांगेत मागून रेटा असतो, त्यामुळे गुडघे टेकून उठायला वेळ लागणाऱ्यांच्या मागे गटातलाच धडधाकट माणूस उभा करावा. बेथलेहेम पॅलेस्टिनी प्रशासनाखाली असल्याने इस्राएली ज्यू गाईड तिथे येत नाही, स्थानिक ख्रिस्ती गाईड भेटतो. तो जैतुनाच्या लाकडाच्या दुकानात नेईलच. घासाघीस करा, पण खरेदी जरूर करा. यात्रेकरू आटले की तिथली घरं बसतात.

यार्देन (जॉर्डन) नदीवर बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण करायचं असेल तर जागा तीन आहेत : जॉर्डनकडचं अल-मग्तस, समोरच्या काठावरचं कसर अल-याहूद आणि गालीलजवळचं यार्देनित. पहिली दोन परंपरेने मूळ ठिकाणाची. तिथे नदी काही पावलांची, पाणी मातकट, मधोमध दोन देशांची सीमा. यार्देनितला पाणी नितळ, सोयी चांगल्या, पण ते सोयीसाठी निवडलेलं ठिकाण आहे हे यात्रेकरूंना आधीच सांगावं. पांढरे झगे तिथे भाड्याने किंवा विकत मिळतात. आत गडद कपडे घालू नयेत, ओल्या झग्यातून दिसतात.

जेरुसलेममधल्या क्रूसाच्या वाटेच्या चौदा स्थानांपैकी शेवटची पाच पवित्र कबरीच्या चर्चच्या आत आहेत. शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कनांची मिरवणूक निघते. तिच्यात सामील होणं सुंदर, पण वृद्धांसाठी सकाळी लवकरची मोकळी गल्लीच बरी. दुकानं उघडली की दगडी फरशीवर गाड्या ढकलत नेतात, घोटा मुरगळतो तो तेव्हाच.

खडू (इतिहासाच्या अभ्यासक)

जॉर्डनमधल्या मादबाच्या चर्चमधलं फरशीवरचं मोझेक बघताना गाईड दहा मिनिटांत बाहेर काढतो. अर्धा तास मागून घ्या. सहाव्या शतकातला हा नकाशा आहे, वरची दिशा पूर्व. यार्देन नदीतले मासे मृत समुद्राच्या तोंडाशी येऊन उलटे फिरताना दाखवलेत, तेवढा तुकडा नीट बघा. नकाशातल्या जेरुसलेमच्या मधोमध खांबांच्या दोन ओळींचा रस्ता आहे. तोच रस्ता पुढे ज्यू मोहल्ल्यात उत्खननात सापडला आणि आज त्यावरून चालता येतं. त्यामुळे मादबा आधी आणि जेरुसलेम नंतर हाच क्रम मला पटतो. उलट केलं तर मादबा नुसती रंगीत फरशी वाटते.

पेट्रासाठी एक आख्खा दिवस हवा. 'अम्मानहून पेट्रा करून रात्री परत' अशी सहल घेऊ नका. सात-आठ तास बसमध्येच जातात आणि जॉर्डनमध्ये मुक्काम न करणाऱ्याला तिकीटही जवळजवळ दुप्पट पडतं. फाटकापासून सीक घळीचं तोंड साधारण ८०० मीटर, सीक १.२ किलोमीटर, मग समोर खजिना म्हणजे अल-खझ्ने. येताना हेच अंतर चढाचं आणि उन्हाचं. बहुतेक गट खजिन्यापाशी फोटो काढून वळतात. राजकबरी आणि खांबांचा रस्ता त्यापुढे आहे, आणि अद-दैर मठ साधारण ८०० पायऱ्या चढून. तिकिटात घोडा 'समाविष्ट' असतो, पण तो फक्त सीकच्या तोंडापर्यंत आणि वर बक्षिसी द्यावीच लागते. चालवत नसेल तर विजेच्या गाडीची चौकशी फाटकावरच करा, आत गेल्यावर नाही.

सीकच्या दोन्ही भिंतींत कमरेच्या उंचीवर कोरलेले पाट बघा. नबाती लोकांनी वाळवंटात शहर वसवलं ते पाणी अडवून, वळवून. मूळ बांध निकामी झाल्यावर काय होतं ते १९६३ मध्ये दिसलं. अचानक आलेल्या लोंढ्यात फ्रेंच पर्यटकांचा मोठा गट सीकमध्येच दगावला. आजही पावसाचा अंदाज असेल तर पेट्रा बंद करतात. गाईडशी हुज्जत घालू नये.

नाडीपरीक्षा (डॉक्टर)

मृत समुद्र समुद्रसपाटीच्या सुमारे ४३० मीटर खाली आहे आणि क्षार जवळपास ३४ टक्के. आदल्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग नको, साधा ओरखडाही आग करतो. चांदीचे दागिने काळे पडतात. काठावर मिठाचे खडे धारदार असतात, जुनी चप्पल घालूनच उतरा. मांडीइतक्या पाण्यात पाठ करून बसल्यासारखं व्हा, पाय आपोआप वर येतात. पोटावर वळू नका. पाय खाली जात नाहीत, तोंड पाण्यात जातं आणि इथे बुडणारे असेच बुडतात. उठताना गुडघे छातीशी घ्या, हातांनी पाणी मागे ढकला, मग पाय टेकवा. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. डोळ्यात गेलं तर चोळू नका, गोड्या पाण्याची बाटली काठावरच्या माणसाकडे तयार ठेवा.

सीनाय डोंगर २२८५ मीटर. सूर्योदयासाठी मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास निघतात, चढ अडीच ते तीन तासांचा. उंट शेवटच्या साडेसातशे पायऱ्यांच्या खालीच थांबतो, हे उंट ठरवताना कोणी सांगत नाही. अंधारात त्या ओबडधोबड पायऱ्या चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त जातात, म्हणून काठी हवीच. हिवाळ्यात वर पारा शून्याखाली जातो. चढताना घाम येतो आणि वर थांबल्यावर तोच गार होतो. एक कोरडा गंजी पिशवीत ठेवा. हृदयविकार, दमा, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी चढूच नये. खालचं मठ बघणं हीसुद्धा पूर्ण यात्रा आहे.

ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं इजिप्तमध्ये नियंत्रित आहेत, त्यावरून लोक तुरुंगात गेलेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नको. नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह.

पोळपाट

वर डॉक्टरांनी औषधांचं सांगितलं, तसं मसाल्याचंही. दुबई-अबुधाबीमार्गे विमान असेल तर खसखस नेऊ नका, तिथे बंदी आहे. घरच्या मसाल्यात ती असतेच.

इस्राएलमधल्या कोशर (ज्यू आहारनियम पाळणाऱ्या) हॉटेलात नाश्त्याला मांस नसतं, त्यामुळे शाकाहाऱ्यांची चंगळ : चीज, दही, सॅलडं, अंडी. रात्री मांसाचं जेवण असलं की दूध, दही, लोणी काहीच मिळत नाही. जेवणानंतरचा दुधाचा चहा आणि दहीभात विसरा. ज्यूंच्या वल्हांडण सणात पावही नसतो. जॉर्डन-इजिप्तमध्ये भाताला आणि सूपला बऱ्याचदा कोंबडीचं पाणी असतं, मुलुखिया या पालेभाजीलाही. इजिप्तमध्ये 'सियामी' म्हणावं, म्हणजे कॉप्ट (इजिप्तमधल्या ख्रिस्ती) लोकांचं उपासाचं जेवण, त्यात मांस-अंडी-दूध नसतं. काही उपासांना मासा चालतो, तेवढं विचारून घ्या. कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी) आणि 'फूल' म्हणजे शिजवलेल्या बाकल्याची उसळ निर्धास्त खा. जैन मंडळींनी थेपले, खाकरे आणावेत. कोशरीवर तळलेला कांदा असतोच.

अश्दोदकर

इस्राएलमध्ये शुक्रवारी दुपारनंतर शनिवारी रात्रीपर्यंत बहुतेक ठिकाणी सार्वजनिक बस, दुकानं बंद. हॉटेलची 'शब्बाथ लिफ्ट' प्रत्येक मजल्यावर थांबते, साधी लिफ्ट शेजारीच असते. जेरुसलेमला पश्चिम भिंतीपाशी शब्बाथमध्ये फोटो काढू नका, लिहूही नका. भिंतीच्या फटीत प्रार्थनेची चिठ्ठी ठेवायची असेल तर आधी लिहून आणा.

हैफाला नेतात तेव्हा कार्मेलच्या पायथ्याची एलिया संदेष्ट्याची गुहा मागून घ्या. कोकणातले बेने इस्राएल (मराठी बोलणारे ज्यू) या एलियाच्या, म्हणजे एलियाहू हन्नावीच्या नावाने मलिदा (नैवेद्याचा विधी) करतात आणि अलिबागजवळच्या सागावला त्याची 'टाप', म्हणजे त्याच्या रथाची खडकावरची खूण दाखवतात. त्यामुळे आपल्या माणसांना ती गुहा वेगळीच भेटते. आत पुरुष-स्त्रियांची जागा वेगळी, डोकं झाकायचं. शुक्रवारी लवकर आणि शनिवारी बंद. हैफातच भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने हे शहर घेतलं. पत्रिकेत ती नसते, बसला मात्र फार वळसा पडत नाही. बीरशेबाहून मृत समुद्राकडे जाणारा गट असेल तर वाटेत दिमोना लागतं, तिथे बेने इस्राएलांमुळे अजून मराठी ऐकू येते.

नाईलकाठ

कैरोत बऱ्याच मोठ्या स्थळांच्या तिकीटखिडकीवर रोख घेत नाहीत. गटाचं तिकीट काढलेलं असतं, पण महापिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं, आणि ते तिथे कार्डाने घ्यावं लागतं. परदेशी व्यवहार चालू केलेलं कार्ड हवं. आतली चढती वाट सुमारे ३९ मीटर, उंची सव्वा मीटरच्या आतबाहेर. दुमडून चढावं लागतं, हवा कोंदट, वर राजाच्या दालनात ग्रॅनाइटची रिकामी पेटी. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी तेवढा वेळ बाहेर राहून पिरॅमिडला फेरी मारावी.

ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर उघडलं. तुतनखामनचं सगळं तिकडे गेलंय, म्हणून पत्रिकेत नुसतं 'कैरो म्युझियम' असेल तर तहरीर चौकातलं जुनं की हे, ते विचारा. नव्यासाठी चार तास तरी हवेत.

जुन्या कैरोत हँगिंग चर्च, अबू सर्गा चर्च आणि बेन एझ्रा सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) चालत पाच-सात मिनिटांच्या अंतरात आहेत. बेन एझ्राच्या कोठीत सापडलेल्या लाखो कागदांमध्ये बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूची पत्रंही होती. गाईड हे क्वचितच सांगतो. ड्रोन आणू नका, विमानतळावरच जप्त होतो. आणि सीनायहून कैरोला येणारी बस नाक्यानाक्यावर थांबते, पासपोर्ट मोठ्या बॅगेत ठेवलेला एक जरी निघाला तरी सगळं सामान खाली उतरवावं लागतं.